टायरची कुंडली

बी. ए. भाग दोन

चप्पल विकत घेताना आपण ती पायात घालतो, दुकानातल्या दुकानात चार पावले चालून पाहतो, तळवा वाकवून बघतो आणि मगच पैसे मोजतो. ट्रकचा टायर घेताना मात्र बहुतेक ठिकाणी दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, "कोणत्या कंपनीचा?" आणि दुसरा, "कितीला पडेल?" या दोन उत्तरांवर वीस-पंचवीस हजारांचा व्यवहार होऊन जातो. "हा टायर ओझे किती पेलेल?" हा तिसरा प्रश्न क्वचितच कोणाच्या तोंडी येतो. वास्तविक त्याचे उत्तर टायरच्या अंगावरच ठसठशीत अक्षरांत लिहिलेले असते. जन्मवेळ, ताकद, वेग, जात अशी सारी कुंडलीच तिथे मांडलेली असते. ती वाचावी कशी, आणि दुसऱ्या गाड्या ओढणाऱ्या ट्रकला दीर्घकाळ टिकणारा टायर निवडावा कसा, हे सांगण्याचा प्रयत्न मी या लेखात करणार आहे.

कला शाखेच्या वार्षिक अंकात टायरचे काय काम, असे कोणी विचारील. त्यावर माझे उत्तर एवढेच की, आमच्या घरची चूल टायरवर चालते. बुटीबोरीला आमची टोचनची गाडी आहे. रस्त्यात बंद पडलेला किंवा अपघात झालेला ट्रक साखळीने, दांडीने किंवा मागच्या क्रेनने उचलून ओढत नेणे याला आमच्याकडे 'टोचन' म्हणतात. इंग्रजीतील 'टो' आणि 'चेन' यांचा हा गावरान संधी असावा, असा माझा तर्क आहे. भाषाशास्त्राच्या सरांनी तो तपासून पाहावा.

बुटीबोरीचे स्थानच असे की या धंद्याला खंड नाही. नागपूरहून वर्धा रोडने सुमारे तीस किलोमीटरवर हे गाव आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, ज्याला जुनी माणसे अजूनही 'सात नंबर' म्हणतात, तो इथून हिंगणघाटकडे उतरतो. आणि वर्धा, यवतमाळ, नांदेडवरून तुळजापूरला जाणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग इथूनच फुटतो. त्यात औद्योगिक वसाहतीची वर्दळ. गंमत अशी की याच वसाहतीत २०१६ साली सिएट कंपनीचा टायर कारखाना सुरू झाला. पण तो उभारला दुचाकी आणि तीनचाकी गाड्यांच्या टायरसाठी. म्हणजे टायरच्या गावात राहूनही ट्रकच्या टायरसाठी आम्हाला दुकानाचीच पायरी चढावी लागते!

आमच्या गाडीवर तीन घरे जगतात : आमचे, चालकाचे आणि मदतनिसाचे. टोचनच्या गाडीचा टायर चालत्या रस्त्यावर फुटला तर एक नव्हे, दोन गाड्यांचा तोल जातो. आमची, आणि मागे अडकवलेली. तिच्यात कधी कधी तिचा चालक स्टिअरिंग धरून बसलेला असतो. म्हणून टायरची निवड हा आमच्याकडे केवळ पैशांचा प्रश्न नाही.

माझे बाबा चौथीपर्यंत शिकले. टायरला लोखंडी सळईने ठोकून, नुसत्या आवाजावरून आत हवा कमी आहे की पुरेशी, हे ते सांगतात. पण टायरवरची अक्षरे इंग्रजी. ती त्यांच्यासाठी पस्तीस वर्षे नक्षीसारखीच होती. या वर्षी मागचे चारही टायर बदलायची वेळ आली तेव्हा ते मला म्हणाले, "कालेजची पोर हायेस न तू? मंग वाच बरं, काय लिवलं हाये याच्यावर." मी वाचले, कंपन्यांच्या माहितीपुस्तिका आणि तक्ते मिळवून ताडून पाहिले. त्यातून जे समजले ते असे.

आपल्याकडच्या मध्यम ट्रकवर सर्रास दिसणारा एक टायर घेऊ. त्यावर लिहिलेले असते : १०.०० आर २०, १६ पीआर, १४६/१४३ के. यातील १०.०० म्हणजे टायरची रुंदी, सुमारे दहा इंच. 'आर' म्हणजे रेडियल. या अक्षराच्या जागी नुसती आडवी रेघ असेल तर तो जुन्या पद्धतीचा, ज्याला बाजारात 'नायलॉन' म्हणतात तो टायर. २० म्हणजे ज्या लोखंडी चक्रीवर तो बसतो तिचा व्यास, इंचांत. '१६ पीआर' ही टायरच्या अंगाच्या ताकदीची प्रत. पूर्वी टायरमध्ये सुती कापडाचे थर घालीत आणि थर मोजून ताकद सांगत. आता थर कमी आणि धागे अधिक मजबूत झाले. पण मोजण्याची जुनी भाषा तशीच राहिली. सोळा प्लाय म्हणजे आत सोळा थर आहेत असे नव्हे, सोळा सुती थरांइतकी ताकद आहे, असा त्याचा अर्थ.

सर्वांत महत्त्वाची ती पुढची जोडी, १४६/१४३. हे किलो नव्हेत. हे भारांक आहेत आणि प्रत्येक अंकामागे तक्त्यात एक ठरलेले वजन असते. १४६ म्हणजे ३००० किलो, १४३ म्हणजे २७२५ किलो. पहिला आकडा टायर एकटा बसवला असताना, म्हणजे पुढच्या चाकासाठी; दुसरा जोडीने बसवला असताना, म्हणजे मागच्या जोडचाकांसाठी. जोडीतला टायर कमी का पेलतो, असा प्रश्न मलाही पडला. कारण साधे आहे. जोडीतले दोन्ही टायर कधीच तंतोतंत सारखे नसतात, रस्ताही सपाट नसतो. त्यामुळे ओझे निम्मे-निम्मे वाटले जात नाही आणि दोघांमध्ये हवा खेळायला जागाही कमी. शेवटचे 'के' अक्षर वेगाचे : ताशी ११० किलोमीटरपर्यंत.

आता हे आकडे टोचनच्या कामाला लावून पाहू. इथेच सामान्य मालवाहू ट्रक आणि ओढणारा ट्रक यांच्यातला फरक कळतो. मालवाहू ट्रकमध्ये ओझे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, फार तर थोडे मागे असते. टोचनमध्ये ओझे मागच्या चाकांच्याही मागे, आकड्याला लटकते. बैलगाडीत मागे जास्त भरले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते, तसेच हे. समजा गाडीच्या पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये चार मीटर अंतर आहे आणि क्रेनचा आकडा मागच्या आसापासून दोन मीटर मागे आहे. बंद ट्रकचे तोंड उचलताना आकड्यावर तीन टन भार आला, तर मागच्या आसावर तीन टन वाढत नाहीत, साडेचार टन वाढतात; कारण पुढच्या आसावरचे दीड टन उचलले जाऊन तेही मागे येतात. पहारीने दगड उचलताना जो नियम, तोच हा तरफेचा नियम.

समजा रिकाम्या टोचनगाडीच्या पुढच्या आसावर चार टन आणि मागच्यावर साडेपाच टन वजन आहे. तीन टन उचलताच पुढे अडीच टन उरतात आणि मागे दहा टन होतात. मागे चार टायर. प्रत्येकी २७२५ किलो, म्हणजे एकूण क्षमता १०,९०० किलो. निभावले, पण हाताशी उरले नऊशे किलो. आता भार तीनऐवजी चार टन धरा. मागच्या आसावर सहा टन वाढून साडेअकरा टन होतात. टायरची लिहिलेली ताकद ओलांडली गेली, आणि पुढे फक्त दोन टन राहिल्याने स्टिअरिंगची पकडही सुटू लागली. कमी वेगाला कंपन्यांच्या तक्त्यांत काही सवलत असते हे खरे. परंतु रोजच्या कामाचा हिशेब सवलतीवर मांडू नये. शिवाय २०१८ साली केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांची भारमर्यादा वाढवली तेव्हा चार टायरच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. म्हणजे कायदा ज्या वजनाला मुभा देतो त्याच्याही खाली या टायरची एकत्रित ताकद येते. याच मापात १४९/१४६ भारांकाचा टायर घेतला, तर जोडीत प्रत्येकी ३००० प्रमाणे चार टायर बारा टन पेलतात. दोन टायर शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक दिसत नाही. तो फरक केवळ तीन अंकांच्या आकड्यात आहे, आणि तो वाचणाऱ्यालाच दिसतो.

यानंतर नक्षी. लांबीच्या दिशेने सरळ खाचा असलेल्या टायरला 'रिब' म्हणतात. तो सरळ धावतो, कमी तापतो, वळताना बाजूला सरकत नाही. म्हणून तो पुढे. आडव्या, खोल खाचांचा तो 'लग'. तो रस्त्याला नखे रोवून ओढतो. म्हणून तो मागे. आमच्या भागात पावसाळ्यात रस्त्याची कड सोडली की काळी माती. तिच्यात रुतलेला ट्रक काढायचा तर खांद्याकडे उघड्या खाचा असलेला लगच हवा. बंद खाचांत चिखल भरून बसला की चाक जागच्या जागी फिरते, आणि असे फिरण्यात जेवढे रबर जाते तेवढे कित्येक किलोमीटर धावण्यातही जात नाही.

रेडियल की नायलॉन, हा वाद गॅरेजमध्ये नेहमी रंगतो. नायलॉनमध्ये धाग्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदतात. टायर चालताना ते एकमेकांवर घासतात आणि तापतात. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वरून पोलादी पट्टे बसवलेले असतात. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ साली याचे पेटंट घेतले. रेडियल कमी तापतो, नक्षी सावकाश झिजते, डिझेलही थोडे वाचते. मात्र त्याची बाजूची भिंत मऊ असते. धारदार दगड लागला तर तिथे चिरते. म्हणून खाणीत किंवा कच्च्या रस्त्यावर सावकाश चालणाऱ्या गाडीला नायलॉन आजही शहाणपणाचा ठरू शकतो. आमच्यासारख्या महामार्गावरच्या गाडीला रेडियल बरा. दोन्ही प्रकार एका आसावर मिसळणे मात्र कधीही नको; त्यांचे वाकणे वेगळे, त्यामुळे एकाचे ओझे दुसऱ्यावर पडते.

किमतीचे गणित दुकानाच्या पावतीवर नव्हे, किलोमीटरवर मांडावे. समजा एक टायर १८,००० रुपयांना मिळाला आणि ५०,००० किलोमीटर चालला; किलोमीटरला ३६ पैसे पडले. दुसरा २४,००० ला मिळाला आणि ८०,००० किलोमीटर चालला. ३० पैसे पडले. त्याचे अंग शाबूत राहिले, म्हणून ६,००० रुपयांत रिमोल्ड करून मागच्या चाकावर तो आणखी ४०,००० चालला, तर सगळे मिळून २५ पैसे. स्वस्त टायर महाग पडतो तो असा. अर्थात रिमोल्डला अंगच धड लागते. कमी हवेवर किंवा जादा ओझ्यावर चालवून आतून भाजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवणे म्हणजे वाळवी लागलेल्या दाराला रंग देणे. पुढच्या चाकाला तर रिमोल्ड लावूच नये.

परंतु टोचनच्या गाडीबाबत हे गणितही पुरे पडत नाही. ती मालवाहू ट्रकसारखी रोज शेकडो किलोमीटर धावत नाही. ती दिवसच्या दिवस नाक्यावर उभी असते आणि बोलावणे आले की थोड्या अंतरात जबर ओझे ओढते. तिच्या टायरची नक्षी झिजण्याआधी त्याचे वय संपते. टायरच्या रबरात उन्हापासून आणि हवेतल्या ओझोनपासून बचाव करणारे मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात. टायर चालत राहिला, वाकत राहिला तरच ते पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीच्या टायरला म्हणून लवकर भेगा पडतात. त्यात आमचा विदर्भाचा उन्हाळा! पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, डांबर त्याहून तापते. म्हणून टायर घेताना जन्मवेळ पाहावीच. कडेला चार आकडे असतात. ३२२३ असे असेल तर २०२३ सालचा बत्तिसावा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर नवा दिसतो, पण त्याचे आयुष्य आधीच खर्च होऊ लागलेले असते. आयएसआय खूणही पाहावी. केंद्र सरकारने २००९ साली काढलेल्या आदेशाने ती गाड्यांच्या टायरवर बंधनकारक झाली.

घेतलेला टायर टिकवणे हे शेवटी हवेच्या हाती. टायरचे ओझे रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. हवा कमी असली की बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. तार वारंवार वाकवली की जशी गरम होते तसा टायर आतून तापतो, रबर आणि पोलाद यांचा सांधा सुटतो आणि एके दिवशी तो फुटतो. लोक म्हणतात, "उन्हाने फुटला." उन्हाचा वाटा असतोच, पण बहुतेकदा मूळ कारण कमी हवा किंवा जादा ओझे हेच. म्हणून हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, थंड टायरमध्ये मोजावी. चालून आलेल्या गरम टायरमध्ये हवेचा दाब वाढलेला दिसतो म्हणून ती सोडू नये. टायर थंड झाल्यावर तीच कमी भरते. जोडचाकातील आतला टायर दिसत नाही म्हणून विसरला जातो. त्यात हवा कमी असेल तर बाहेरचा दोघांचे ओझे एकटा वाहतो. जोडीत एक नवा आणि एक झिजलेला लावणेही तसेच. मोठा दबतो, लहान घसटतो, दोघेही लवकर जातात.

झीज किती झाली हे पाहायला टायरच्या खाचेतच लहान उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. मोटार वाहन नियमांनुसार ट्रकच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. आपल्याकडे मात्र टायर पार गोटा होईपर्यंत चालवण्याची रीत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाल्यावर टायर फुटून होणाऱ्या अपघातांची बरीच चर्चा झाली, आणि परिवहन विभागाने त्या रस्त्यावर टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. पण तपासणी नाक्यावर व्हावी लागते, हेच आपले दुर्दैव. ती घरच्या अंगणात व्हायला हवी.

हे सारे मी बाबांना समजावून सांगितले तेव्हा तरफेचे गणित त्यांना सांगावे लागले नाही. जड ट्रक उचलला की स्टिअरिंग हलके होते, हे त्यांचे हात पस्तीस वर्षे जाणत होते. म्हणूनच बंद ट्रक भरलेला असला की ते आधी माल उतरवा म्हणतात आणि गिऱ्हाइकाशी भांडण ओढवून घेतात. त्यांना ठाऊक नव्हता तो एवढाच आकडा, की टायरची हद्द नेमकी कुठे संपते. एका दुकानदाराने, "सोळा प्लाय म्हणजे सोळा प्लाय, सगळे सारखेच" असे सांगून कमी भारांकाचे टायर पुढे केले, तेव्हा बाबांनी वाकून तो आकडा बोटाने दाखवला आणि "एकशे एकोणपन्नासवाला हाये का?" असे विचारले. दुकानदाराने आतून दुसरे टायर आणले. ते चार टायर आज आमच्या गाडीला आहेत.

थोडक्यात सांगायचे तर, ओढकामाच्या गाडीला टायर घेताना आधी आपल्या मागच्या आसावर जास्तीत जास्त किती भार येतो तो वजनकाट्यावर, एखादे जड वाहन उचलून, मोजून घ्यावा. त्या भाराला चाराने भागावे आणि त्याहून अधिक ताकदीचा भारांक निवडावा. मग पुढे रिब, मागे लग, मग जन्मवेळ, मग आयएसआय, आणि सर्वांत शेवटी किंमत. आपण हा क्रम नेमका उलटा लावतो.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्या वस्तीत बी. ए. करून काय होणार, असे विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांना द्यायला माझ्याजवळ मोठे उत्तर अजून नाही. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे एखादे यंत्र, औषधाची बाटली, खताचे पोते किंवा कर्जाचा कागद असतो, ज्यावर महत्त्वाचे काहीतरी परक्या लिपीत लिहिलेले असते आणि जे हाताळणाऱ्यालाच ते वाचता येत नाही. या सुट्टीत घरी गेल्यावर तेवढे एकदा मोठ्याने वाचून दाखवा आणि ऐकणारा काय म्हणतो तेही ऐकून घ्या.